दादाचा एक नंबर

नाही, पण मग एक नंबर कोणता? मला एवढंच सांगा! दहापासून दोनपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ, शेंबड्या पोराला झोपेतून उठवून विचारा, धडाधड म्हणून दाखवेल, दहा नंबर बदकं, नऊ नंबर बर्फावरची मोटारसायकल, आठ नंबर भुताचं हॉटेल... आणि एक नंबर कोणता म्हटलं की सगळे आभाळाकडे बघतात!

आमचा दादा हो. सख्खा, थोरला. व्हिडिओ गेमचं दुकान होतं त्याचं, म्हणजे आहे, म्हणजे आता मी बसतो... जाऊ दे. दोन टीव्ही, चार खुर्च्या, तासावर खेळायला द्यायचा आणि मागच्या टेबलावर लोकांची बिघडलेली मशिनं उघडून बसायचा. शाळा आम्हा दोघांनाही झेपली नाही. त्यानं निदान शाळा सोडताना दप्तर घरी आणलं, मी तेही तिथंच विसरलो. तर या माणसाला खूळ काय? आजवर जगात निघालेल्या सगळ्या गेममधले आपले आवडते दहा, नंबर लावून! आणि ते नंबर कायम वरखाली. जेवायला बसलं की पहिल्याच घासाला जाहीर करणार, चेहरा असा पाडून, जसं काही नात्यातलं कुणी आजारी आहे, "आई... सात नंबर घसरला गं." आणि आई, जिनं जन्मात एक बटण दाबलं ते मिक्सरचं, ती वाढता वाढता हात थांबवून, "अरे देवा! कितीवर गेला?"

दहा ते दोन उघड. एक नंबर मात्र गुपित, तो ओळखायचा. नियम काय, तर माणशी दिवसाला एकच अंदाज. चुकला की दादा नाकातून आवाज काढायचा, गेममधला माणूस मरताना येतो ना, तसा... टूंऽऽक! संपलं, उद्या या. बाबा रोज एकच म्हणायचे, "रणगाडे." टूंक. दुसऱ्या दिवशी परत, "रणगाडे." टूंक. "अहो बाबा, रणगाडे तीनवर आहेत, सगळ्यांना माहितीय!" तर म्हणे, "काल तीनवर होते. रणगाडाच तो, वर चढायला कितीसा वेळ लागतो?"

मी? मी काय कमी डोकं फोडलं? विटा पडतात तो, शेतीचा तो, माकडाचा, अवकाशातला, एकदा तर चिडून बुद्धिबळ म्हटलं. टूंक, टूंक, टूंक! जळला मेला तो आवाज. स्वप्नातसुद्धा मी अंदाज सांगायचो आणि स्वप्नातसुद्धा चुकायचो.

आणि मग ताप काय येतो, हॉस्पिटल काय होतं, आणि... तोंडावर ती नळी, बोलता येत नाही, आणि मी बावळट, जवळ वाकून माणसानं काय विचारावं? पाणी हवं का, कुठं दुखतंय का... छे! मी विचारतो, "दादा, एक नंबर कोणता? उडत्या गाड्या ना?" आणि तुम्हाला सांगतो, त्यानं डोळे मिटूनच बोट हलवलं. असं. नाही म्हणून. नर्स माझ्यावर खेकसली, "पेशंटला त्रास देऊ नका!" त्रास? अहो, आम्हाला बोलायला दुसरं काही येतच नव्हतं हो...

बरं, तो गेला. लोक भेटायला आले. लोक भेटायला आले की काय बोलतात? चांगला माणूस होता, वाईट झालं. आमच्याकडे? शेजारचा सलूनवाला टेकला, डोळे पुसले, आणि हळूच, "तुला म्हणून सांगतो, एक नंबर उडत्या गाड्या. मला कानात सांगितलं होतं, कटिंग करताना." मी म्हटलं, उडत्या गाड्यांना त्यानं स्वतः बोट हलवलंय! तर म्हणतो, "ते तापात." तेवढ्यात दादाचा जिगरी दोस्त, चष्मा म्हणतो आम्ही त्याला, तो उसळला, "काहीतरीच! तलवारबाजी! मला एकट्यालाच माहीत आहे!" आणि दोघं जुंपले, आमच्या घरात, आमच्या चटईवर, दादाच्या फोटोपुढं! बाबा कोपऱ्यातून मान वर न करता म्हणाले, "रणगाडे."

आणि आई? आई भिंतीकडं तोंड करून पडलेली. हूं नाही, चूं नाही. पुढं लोक यायचे थांबले, तरी आई तशीच. ऊठ म्हटलं तर उठायची, खा म्हटलं तर दोन घास खायची, परत भिंत. उंबऱ्याबाहेर पाऊल म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, जरा बाहेर काढा त्यांना. कसं काढू? उचलून? बाबा म्हणाले, तू धाकटा, तुझं ऐकेल. कसलं ऐकते! मी समोर उभा राहायचो आणि तिला माझ्या पलीकडचं दिसायचं.

मग माझं डोकं फिरलं. माझं कसं आहे, डोकं फिरलं की हात आधी चालतात, विचार मागून धापा टाकत येतो. म्हटलं, दुकान उघडायचं, झोकात उघडायचं, दादाच्या एक नंबरचं चित्र शटरभर काढायचं! गेलो, पेंटरला घेऊन आलो. पेंटर शिडीवर चढला, ब्रश बुडवला आणि वरून विचारतो, "बोला शेठ, काय काढू?"

...एक नंबर कोणता?

आता आली का पंचाईत! सलूनवाला अर्धी दाढी टाकून धावत आला, मागून ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक गळ्याला फडकं बांधून, चष्माही आला. "गाड्या काढ!" "तलवार काढ!" "पहिलं माझी दाढी काढ!" मी चष्म्याला ढकललं, चष्म्यानं शिडी धरली, शिडी हलली, आणि हिरव्या रंगाचा डबा अख्खा माझ्या डोक्यावर! पेंटर वरून शांतपणे म्हणतो, "रंगाचं वेगळं लागेल." शेवटी तो बिचारा कंटाळला. आमचं भांडण चालू असतानाच, ज्यावर भांडण नाही ते, दोन ते दहा, मी मधेमधे ओरडून सांगितलं तसं ओळीनं रंगवून टाकलं, वर एक नंबरची चौकट मोकळी सोडली आणि शिडी खांद्यावर टाकून म्हणाला, "ठरलं की बोलवा. या जन्मात ठरलं तर."

आणि खरी गंमत तर पुढं! सकाळी मी ऐटीत दुकान उघडलं. उघडलं म्हणजे काय केलं? शटर वर केलं. शटर वर केल्यावर शटरवरचं चित्र कुठं गेलं? वर, गुंडाळून! आता हे आधी कुणाच्या टाळक्यात येऊ नये? माझ्या नाही, चष्म्याच्या नाही, निदान पेंटरच्या तरी? त्याला विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं, तुमचं दुकान बंदच असतं." म्हणजे दुकान उघडं तर यादी गायब, यादी दिसायची तर दुकान बंद! येणारे-जाणारे ओरडायला लागले, "अहो, बंद करा ना जरा, वाचायचंय!" धंदा करायला बसलेल्या माणसाला लोक म्हणतात, बंद करा! केलं अर्धं खाली. तर गिऱ्हाईक कमरेत वाकून आत, बाहेर निघताना डोकं शटरला, धाड! शेवटी शटर पूर्ण खाली ओढलं आणि मी बाहेर स्टुलावर. बंद दुकानाचा उघडा मालक.

तेवढ्यात काय बघतो... आई! घरातल्याच चपला, केस विस्कटलेले, तरातरा रस्त्याच्या मधून येतेय, मागून बाबा, "अगं हळू, अगं हळू." सलूनवाल्यानं घरी जाऊन शटरवरच्या यादीची चुगली केली होती. आली ती थेट शटरपुढं उभी, बोट रोखून, "मासे सातवर? कुणी घातले मासे सातवर? त्यानं चारवर आणले होते माझे मासे! माझ्यासमोर! जेवताना!" अख्ख्या गल्लीदेखत झापलं हो मला. "तुला काही लक्षात म्हणून राहत नाही, गाढवा! आणि डोक्याला काय लावलंयस हिरवं?" आणि तुम्हाला सांगतो, इतकं बरं वाटलं... इतकं बरं वाटलं मला त्या शिव्या खाऊन! कान धरले असते तर नाचलो असतो. पेंटर परत आला, मासे चारवर चढले. मग तिची नजर वर गेली, मोकळ्या चौकटीकडं. बघत राहिली, बघत राहिली... आणि माझ्याकडं वळून, "विटा?"

माझ्या नाकातून आपोआप निघालं. टूंऽऽक.

"बरं," म्हणाली, "उद्या."

आणि दुसऱ्या दिवशी आली! केस नीट विंचरून! तेव्हापासून रोज येते, बाबांना घेऊन. बाबा, "रणगाडे." टूंक. मग सलूनवाला, चष्मा, शाळेत जाणारी पोरं, परवा तर गॅसवाला टाकी खांद्यावर तशीच ठेवून माकडाचं विचारून गेला. खेळायला एक येत नाही, ओळखायला ही रांग! आणि मी सगळ्यांना टूंक, टूंक करत बसतो, साहेब असल्यासारखा. अहो, मला तरी कुठं माहितीय एक नंबर कोणता?

तर आज. आज आई आली, बाबांना म्हणाली, थांबा तिकडं. माझ्याजवळ टेकली. म्हणाली, "रात्री आठवलं रे. तुम्ही लहान असताना ती एक गेमची कॅसेट आणली होती त्यानं, जुन्या बाजारातून. कधी लागलीच नाही. लाव, काढ, फुंकर मार, परत लाव. एकदा तो फुंकणार, एकदा तू. दुपार दुपारभर. गाल फुगवून बसायचात दोघं. पडद्यावर कधी काही उमटलं नाही, पण काय हसायचात रे! तो कधी खेळलाच नाही, म्हणून तुम्हा कुणाच्या ध्यानात येत नाही. तोच ना? तोच एक नंबर?"

मी इतके गेम सांगितले, हा एकदाही नाही. आता दादा काही सांगायला येणार नाही, पण माझं मन सांगतंय, तोच. दुसरा असूच शकत नाही! आई माझ्या तोंडाकडं बघतेय. बाबा तिकडून बघतायत. सलूनवाला वस्तरा हवेत धरून बघतोय. बरोबर म्हटलं की झालं, चौकट भरली, सगळे आपापल्या घरी. आई तिच्या घरी, तिच्या भिंतीकडं...

मी एक मोठा श्वास घेतला, गाल फुगवले, आणि तुम्हाला सांगतो, आईच्या डोळ्यांत बघून, नाकातून...

टूंऽऽक!