नवस आणि तिखटाचं पाकीट

ऐक वं मंगला, रेखा पहिली केस जिंकेपर्यंत भिवापुरी मिरची खाणार नाही, असा मी देवीला नवस बोलले होते. माझी लेक शेतमालाच्या नावांची वकील, म्हणजे कोणत्या गावाचं नाव कोणत्या मालाला लावायचं, त्याच्या केसेस लढते. तिची आत्या कौतुकानं "मिरचीवाली वकील" म्हणते.

एके दिवशी विसरून 'भिवापुरी' लिहिलेल्या पाकिटातलं तिखट भाजीत घातलं, जेवले आणि नवस मोडला म्हणून रडत बसले.

"काहून रडून राहिली, आई?" रेखानं पाकीट पाहिलं आणि हसली. "याच व्यापाऱ्यावर तर माझी केस आहे! भिवापुरीच्या नावानं दुसरीच मिरची विकते तो. तुझा नवस शाबूत आहे. पाकीट दे मले, कोर्टात दाखवाचं आहे."

केस जिंकली. पेपरात वकिलाचं नाव आलं. देवीचं आणि माझं छापायला जागा उरली नसावी. तुझ्या पोरीच्या नोकरीसाठी तूही नवस बोल वं. चुकून मोडलाच, तर रडण्याआधी पाकीट रेखाला दाखव.