सोपाननं हात आपटला नाही

आधी हे लिहा, मग माझं नाव लिहा. माझा भाऊ दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडलाय आणि मला त्याच्या उशापासून उठवून इथं बाकावर आणून बसवलंय. ज्यानं त्याला पाण्यात ठेवायचा हट्ट धरला तो मनगटाला पट्टी बांधून पंख्याखाली चहा पितोय, आणि जिनं बाहेर काढला तिच्यावर तक्रार. एवढं कागदावर आल्याशिवाय मी पुढं बोलणार न्हाय. हवालदार मोहनराव यांनी वरील मजकूर लिहून घेतला, म्हणून बाकीचं सांगते.

जबाब, दिनांक १३/०४/२०२५, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे.

मी, सरुबाई नामदेव रासकर, वय अंदाजे ७१ वर्षे, शिक्षण दुसरी, व्यवसाय शेती व घरकाम, राहणार निरवांगी, ता. इंदापूर, जि. पुणे, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगा, सून व नातवंडांसह राहते. सोपान यशवंत गलांडे, वय ६३, हा माझा पाठचा भाऊ आहे. तो आमच्या माहेरी, उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या वस्तीवर राहतो. त्याची बायको वारली आहे. मुलगी संजीवनी कळसला दिली आहे. मुलगा संदेश तीन वर्षांपूर्वी याच पाण्यात गेला. त्या वेळी त्याचं वय २६ होतं. होडीत सहा माणसं होती. वारं सुटून होडी कलंडली. पाच जणांना पोहता येत नव्हतं, ती कलंडलेल्या होडीला धरून राहिली आणि वाचली. संदेशला पोहता येत होतं. तो मदत आणायला काठाकडं पोहत निघाला आणि पोचला नाही. होडीत बुडू नये म्हणून घालायचं एक जॅकेट होतं, ते त्यानं घातलं नव्हतं. आमच्या घरात जॅकेट कोणी घालत नाही. जॅकेट पाव्हण्यांसाठी असतं, असं मीच सगळ्यांना म्हणत आले. याबाबत आणखी विचारू नये.

वस्तीवरची पोरं शाळेला होडीनं पलीकडे जातात. त्यांच्यासाठी साठ जॅकेटं मिळावीत म्हणून सोपाननं मागच्या दिवाळीत ठरवलं की आपण या काठावरून त्या काठापर्यंत पोहून जायचं. सरळ गेलं तर अंतर कमी आहे, पण त्यानं पाण्याखालच्या जुन्या पुलावरून जाणारा तिरका रस्ता धरला. तो सहा किलोमीटर भरतो. मी त्याला फोनवर म्हणाले की, तुझं डोकं फिरलंय, तुझ्या वयाची माणसं पारावर बसून दुसऱ्यांच्या सुनांची मापं काढतात. तो म्हणाला, "अक्का, तू येणार असलीस तर ये, न्हायतर मी जाणारच हाय." म्हणून मी आले. जाणारच असला तर खाऊन पिऊन रीतसर जाऊ दे, एवढाच माझा विचार होता.

पाच महिने मी त्याच्याकडे राहिले. रोज पहाटे तो शेततळ्यात पोहायचा आणि मी काठावर बसायचे. तिळाच्या तेलानं त्याचे खांदे मीच चोळत होते. बारामतीचे विजयसिंह, वय तीसच्या आत, पोहणं शिकवतात, ते आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांनी सोपानला ताकदीची पावडर आणून दिली होती. ती मी म्हशीच्या आंबोणात घातली. म्हशीला काही झालं नाही, आणि सोपानलाही भाकरीनं काही कमी पडलं नाही.

जॅकेटं द्यायचं बारामतीचे बियाण्याचे व्यापारी बापूसाहेब यांनी कबूल केलं होतं. त्यांची अट एकच, पोहणं नियमानं पुरं झालं पाहिजे. नियम विजयसिंहांनी मला तीनदा वाचून दाखवले. पोहणाऱ्यानं होडीला धरायचं नाही. होडीतल्यानं पोहणाऱ्याला हात लावायचा नाही, लावला की सगळं रद्द. मध्ये थांबून पाठीवर पडून विसावा घेतलेला चालतो. मी नियम ऐकला होता. मला समजला नव्हता असं जे तक्रारीत लिहिलं आहे ते खोटं आहे.

आता विहिरीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोपानला पोहायला मी शिकवलं. तो सहा वर्षांचा, मी चौदाची. माझं लग्न ठरलं होतं आणि जायच्या आधी त्याला पाण्याचं भय राहू नये म्हणून आईनं मला सांगितलं. त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक धरून मी विहिरीच्या पायरीवर. दोर ढिला असला की खाली काय चाललंय ते वर कळत नाही. म्हणून आमचं ठरलं होतं. मी हाक मारायची, "सोप्या, हाय का?" त्यानं तळवा पाण्यावर आपटायचा. आपटला की बरा आहे. नाही आपटला की मी ओढणार. मध्ये दुसरं काही नाही. त्याच उन्हाळ्यात एकदा त्यानं मजा म्हणून हात आपटला नाही. मी ओढला. दोरानं त्याची कंबर सोलली आणि वर आल्यावर मी त्याला वेताच्या छडीनं मारला. त्यानंतर त्यानं कधी चुकवलं नाही. शेततळ्यातही याच पद्धतीनं चाललं होतं. विजयसिंह हसायचे आणि म्हणायचे, "आजी, आता हाताच्या खुणा असतात, शिट्टी असते." मी त्यांना म्हणाले, शिट्टी तुमच्या जवळ ठेवा, बैल हाकायला होईल.

आज सकाळी आम्ही ५ वाजता उठलो. सोपाननं गाईला वैरण टाकली. गाय व्यायला आली आहे. ती व्यायला अडली तर संजीवनीला बोलव, असं तो मला म्हणाला. घराची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. पोहायला जाणाऱ्याला खिसा नसतो, किल्ली कोणाकडे तरी द्यावीच लागते. त्यात काही नाही. संदेशचा फोटो त्यानं भिंतीवरून काढून पुसला आणि परत लावला. धूळ फार असते आमच्याकडं. त्यातही काही नाही. हे मी सकाळी असंच समजले.

६ वाजून ४० मिनिटांनी तो पाण्यात उतरला. होडीत मी, विजयसिंह व होडीवाले माऊली असे तिघे होतो. मला बसताना जॅकेट दिलं होतं. मी त्याची घडी करून त्यावर बसले, कारण फळी ओली होती. विजयसिंहांच्या हातात फोन होता, ते त्यावर सगळं टिपत होते. मी बांबूच्या काठीला टिनाचा मग बांधून घेतला होता. त्यातून दर अर्ध्या तासाला सोपानला गुळाचं पाणी द्यायचं, म्हणजे हात लागायला नको.

दर अर्ध्या तासाला मी हाक मारली. सात-दहाला हात आपटला. सात-चाळीसला आपटला. आठ-दहाला आपटला. आठ-चाळीसला जरा उशिरा, पण आपटला. नऊ-दहाला आपटला आणि मगातलं पाणी पिऊन म्हणाला, "अक्का, गूळ लई झाला." त्यानंतर तो आत्तापर्यंत म्हणजे या मिनिटापर्यंत काही बोललेला नाही.

पलीकडचा काठ दिसत होता. पोरं, बाया, बापूसाहेबांची पांढरी गाडी, हलगीवाले, सगळं दिसत होतं. विजयसिंहांच्या अंदाजानं तीनशे मीटर राहिले होते. तिथं जुन्या रस्त्याचा पूल बुडालेला आहे. चैत्रात पाणी उतरलं की त्याचा कठडा वर येतो. संदेशची होडी तिथंच कलंडली होती. माऊलीनं न सांगता होडी लांबून घेतली. सोपान लांबून गेला नाही. तो कठड्याजवळ गेला आणि थांबला.

तो पाठीवर पडला. डोळे उघडे होते. हात दोन्हीकडं सोडलेले. विजयसिंह म्हणाले की विसावा घेतायत. मी हाक मारली. हात आपटला नाही. दुसरी हाक मोठ्यानं मारली. पाणी हाललं नाही. मी माऊलीला होडी वळवायला सांगितलं. विजयसिंहांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "आजी, नियमात बसतंय हे. हात लावलात तर साठ जॅकेटं गेली. पाच मिनिटं थांबा." मी म्हणाले, "पाच मिनिटं तुझ्या घड्याळात अस्त्याल, माझ्या विहिरीत न्हाईत." तिसरी हाक मारली. माझा आवाज काठापर्यंत गेला, हलगी बंद पडली. सोपाननं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे माझ्याकडं वळले हे मी शपथेवर सांगते. तरी त्यानं हात आपटला नाही.

त्यानंतर मी वल्हं उचललं. ते विजयसिंहांच्या मनगटाला लागलं. मारलं नाही, लागलं. त्यांनी दंड सोडला नाही तेव्हा दुसऱ्यांदा मारलं. फोन पाण्यात पडला तो त्यामुळं. वेळेच्या नोंदी त्यात होत्या असं ते म्हणतात. मी सगळ्या वेळा वर सांगितल्या आहेत, त्यांनी त्या उतरवून घ्याव्यात. होडी जवळ गेल्यावर मी वाकून सोपानच्या काखेत हात घातला. तो जड नव्हता. पाच महिने भाकरी घालूनही जड नव्हता. माऊली आणि मी मिळून त्याला वर घेतला. तेव्हा नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली असावीत. बेशुद्ध नव्हता. श्वास चालू होता. अंग गार होतं. मी बुडाखालचं जॅकेट काढून त्याला घातलं. पट्टे मला लावता येत नव्हते, ते माऊलीनं लावले.

आम्ही काठाला लागलो. बापूसाहेब गाडीत बसून निघून गेले. सोपानला दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टर म्हणाले की दमणूक आहे, रक्तदाब उतरला आहे, संध्याकाळपर्यंत ठेवू. मी पलंगाशेजारी बसले तेव्हा सोपाननं भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर मला इकडे आणलं.

मला विचारलं की सोपान बुडत होता का. माझं उत्तर, मला माहीत नाही. पाण्याच्या वर होता, एवढं खरं. कान पाण्यात असल्यानं हाक ऐकू आली नसेल, असं विजयसिंह म्हणतात. विहिरीतही त्याचे कान पाण्यातच असायचे. मला विचारलं की मग मला कशाचा संशय आला. माझं उत्तर, ते कागदावर घेऊ नये. मला विचारलं की, हात आपटला नाही की अक्का ओढणार, हे त्याला ठाऊक असताना त्यानं हात का आपटला नाही. हा प्रश्न हवालदारांनी स्वतः काढला. हुशार माणूस आहे. मी नऊ-चाळीसपासून तोच विचार करते आहे. त्याला मला ओढायला लावायचं होतं, का मी ओढू नये असं त्याला वाटत होतं, का त्याला खरोखर विसावाच हवा होता आणि मी म्हातारी मध्ये कडमडले.

तो विसावाच असेल तर चूक माझी आहे. साठ जॅकेटं माझ्यामुळं गेली, पोरं तशीच होडीत बसणार, विजयसिंहांचं मनगट आणि फोन दोन्ही माझ्या माथी. तसं असेल तर बरंच आहे. मला चूक पाहिजे. तक्रार खरी ठरली तर मी इथं येऊन बसायला तयार आहे, आणि पंखा नको.

बापूसाहेबांना माझा निरोप कळवावा. तीनशे मीटर राहिले आहेत. ते मी पोहून देते, उद्या सकाळी. ७१ वर्षांच्या बाईनं पुरं केलेलं नियमात बसत नसेल तर त्यांनी नियमाला पाण्यात उतरवावं आणि किती लांब जातोय ते बघावं. या वेळी मी जॅकेट घालून पोहेन. पोरांनी बघितलं पाहिजे की गलांड्यांच्या घरातलं माणूसही ते घालतं.

हवालदारांनी हे सर्व मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. दोन ठिकाणी त्यांनी "वृद्ध" लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. बाकी मी बोलले तसंच आहे, कोणी शिकवलेलं नाही. अंगठा घेऊ नये, मला सही येते, वेळ लागतो.

सही: सरुबाई नामदेव रासकर

सहीनंतर सांगणारीनं आणखी सांगितलं ते तिच्याच शब्दात: हा कागद घेऊन माझ्याबरोबर दवाखान्यात चला, आत्ता. मी त्याला एकच हाक मारणार. विजयसिंहानं बोलायचं न्हाय, डाक्टरनं न्हाय, संजीवनी आली असंल तर तिनं बी न्हाय. तोंडानं बोलायचं नसंल तर पलंगाच्या लोखंडावर हात आपटू दे, मला चालंल. पन जबाब सोपाननंच द्यायचा.