पोळ्यातलं रॉक अँड रोल

खुळ्ळम्... खुळ्ळम्... नागोरावच्या बैलाईच्या घुंगरमाळा अशा वाजत, तुम्हाले सांगतो, कळंबच्या बाजारातून त्याची गाडी येत असली का अर्ध्या कोसावरून ऐकू ये, अन् वर नागोराव गात राहे! लई वर्षं झाली, अजून कानात हाये... अन् आमची नात निकिता, तवा यवतमाळले कालेजात शिके, गिटार घेऊन आली अन् मले शिकवते, "आबा, हे कंट्री." अमेरिकेतले खेड्यातले लोक गातात म्हणे... घर सुटलं, घोडा गेला, बायको रुसली. मंग तेच खणाखणा वाजवलं. "हे रॉक अँड रोल." म्या म्हटलं, बाई, चाल तर तेच हाये! "हो आबा, ह्याच्यातूनच निघालं, अन् तिकडच्या काळ्या लोकाईच्या गाण्यातून. पहिले तर एकच माणूस दोन्ही गाये." एकच माणूस! मंग मले सांगा, दोन नावं कायले?

त्या साली कापसाले भाव नोता, गावातले अर्धे बैल इकल्या गेले. नागोरावचे चांद्या-मोऱ्याही गेले. घेतले कोणं? गावातल्याच मारोतरावनं! अन् आला पोळा. तोरणाखाली बैल उभे झाले का त्याईच्या कौतुकाच्या झडत्या, गाणेच ते, म्हणा लागते, अन् गावात झडतीले गळा एकच, नागोरावचा. गेलो बलवाले. म्हणे, "ज्याले बैल नाई त्याची कायची झडती?" म्या म्हटलं, "बैल इकले, तोंड तं नाई ना इकलं?" आला बापा... सगळ्याईच्या मागं उभा, रिकाम्या हातानं.

निकितानं भोंग्यावर हळूहळू गिटार धरलं, तेच कंट्री, अन् नागोरावनं सूर लावला,

"मालक झोपला गाडीवर,
चांद्या आणते दारावर!"

काय जमलं राजेहो! जसं गिटारीतूनच गाडी येऊन राह्यली. बायाईनं पदर डोळ्याले लावले. अन् आमचे लोक कसे? "पोरी, जोरात येऊ दे!" तिनं दिलं ना रॉक अँड रोल! भोंगा असा कडाडला का बैल उधळले, मानाची जोडी जायच्या आधीच तोरण तुटलं, मारोतराव कासऱ्याले लटकून चिखलातून घसरत चाल्ला, "अबे धरा रे! माहं धोतर... अबे बैल धरा रे!" चाल तर तेच होती, मंग मले सांगा, दोन नावं कायले?

चांद्या कुठं गेला माहीत हाये? सिधा नागोरावपाशी. त्याच्या छातीवर तोंड टेकलं अन् गपकन उभा राह्यला.

मारोतराव चिखलानं भरलेला, खाली मान. निकिता मले हळूच इचारते, "आबा, आता कोणतं वाजवू?"



नागोरावनं चांद्याचं वाकडं झालेलं बाशिंग सिधं केलं. कासरा मारोतरावच्या हाती देल्ला. अन् चाल्ला घराकडं. मांगं पाह्यलं नाई. चांद्यानं मान हालवली... खुळ्ळम्.

दोन नावं कायले म्हणत होतो ना मी? घ्या! ह्याले तं एकही सापडलं नाई.