पानोपानी माझं नाव

दातांच्या दवाखान्यात बसलेल्या लेखिकेला शेजारच्या दोघांच्या तोंडून आपल्याच कादंबरीचं नाव ऐकू आलं, तेव्हा तिनं कान टवकारले.

“भावोजी, अख्खी कादंबरी मान मोडून स्कॅन केली मी. ग्रुपवर फुकट टाकली.”

“मग बिनसलं कुठं?”

“पानोपानी मी माझं नाव टाकलं होतं, ते एका भामट्यानं पुसून स्वतःचं टाकलं! दुसऱ्याच्या मेहनतीवर डल्ला मारायला लाज कशी वाटत नाही?”

“आणि लेखिकेचं नाव?”

“ते मीच काढलं. माझ्या नावाला जागा नको?”

लेखिका खाकरली. स्कॅनवाला लगबगीनं तिच्याकडे वळला.

“तुम्हालाही हवी का, ताई? नंबर द्या, पाठवतो. फक्त पुढे पाठवताना माझं नाव काढू नका हं. प्रामाणिकपणा म्हणून काही असतो ना!”