अर्धी दाढी

आदल्या सकाळी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर अचानक बॉम्ब टाकले होते आणि अमेरिका युद्धात ओढली गेली होती. होनोलुलूच्या इस्पितळाबाहेर रक्त द्यायला रांग लागली होती. फुलांचे हार विकणाऱ्या केआलोहाच्या पुढेच जपानी न्हावीण त्सुरूबाई उभी होती, मान खाली घालून. एवढ्यात एक गोरा खलाशी तिच्यापाशी थबकला. त्याचा एक गाल गुळगुळीत होता, दुसऱ्यावर खुंट वाढलेले.

"मावशी, तुम्ही?"

"एल्मर! अरे, आहेस तू!"

"भोंगा वाजला आणि तसाच पळालो. तोंडावर निम्मा फेस."

"आणि गळ्यात माझा टॉवेल. चांगला नवा होता मेला."

"तो गेला, मावशी. जिमीच्या मांडीला बांधला."

"आपल्या जिमीच्या?"

"हो. आत आहे तो. वाचेल म्हणतात."

"वाचू दे रे बाबा. टॉवेलाचं काय एवढं!"

केआलोहा एक पाऊल मागे सरली. पोराला रांगेत जागा झाली.

"राहिलेली दाढी आज करून टाका. रक्त दिलं की येतो."

"दुकान बंद ठेवलंय."

"का?"

"का म्हणून काय विचारतोस? माझा चेहरा बघ. माझ्या हातात वस्तरा आणि खाली तुझा उघडा गळा. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. कालपासून डोळ्याला डोळा लागला नाही, मावशी. तुमच्या खुर्चीत लागेल."