सुया टोचलेली बाहुली

भेट द्यायची तर ती त्या माणसासाठीच घडवलेली हवी, हे माझं जुनं वेड. ते मळवलीत कसं अंगाशी आलं ते ऐका.

साठ-बासष्ट साल असेल, यांची नोकरी तिथे रेल्वेत होती. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या गंगूमावशी सुंदर गोधड्या शिवायच्या आणि सुया मात्र सारख्या हरवायच्या. म्हणून दिवाळीला मी त्यांना सुया खोचून ठेवायला कापडाची बाहुली केली. त्यांच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा, कपाळावर कुंकू, पोटावर दोऱ्यानं भरलेलं ‘गंगू’. छातीवर चार सुया टोचूनच दिल्या.

पुडी सोडली आणि मावशी पांढऱ्याफटक पडल्या.

“बाई, माज्या लुगड्याचा तुकडा कुटनं घावला तुमास्नी?”

“तुम्हीच फडक्याला दिला होतात की.”

“आन् नाव बी माजंच. म्या काय वाईट केलतं तुमचं?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समजवायला गेले तर त्या छाती धरून खालीच बसल्या.

“हितंच कळ येतीया सकाळधरनं. तुमीच काडा. ज्यानं टोचल्या त्यानंच काडायच्या असत्यात.”

मी सुया उपसल्या. शेवटची निघाली तशा त्या म्हणाल्या, “आता बरं वाटतंय.”

संक्रांतीला मावशींनी मला गोधडी आणून दिली. मधोमध माझ्या हरवलेल्या पिवळ्या पोलक्याचा तुकडा.

“तुमच्यावानीच केलीया बाई. खास तुमच्यासाटी.”

गोधडी फार देखणी आहे. पांघरायची मात्र अजून हिंमत झालेली नाही.