नारळ एकाहत्तर, ॲव्हरेज पंधरा

...आणि वर मलाच सांगतो, "बाबा, इमोशनल होऊ नका!" मी इमोशनल? अहो, बावीस वर्षं जी गाडी दारात उभी हाय ती भंगारवाल्याला द्यायची म्हटल्यावर माणसानं काय पेढे वाटायचे? तुम्हाला सांगतो, आमचा रितेश, माझा मुलगा हो, पनवेलला नोकरीला हाय, दर शनिवारी गावाला येतो, आणि आला की चहा न्हाय, पाणी न्हाय, पहिला माझ्या गाडीकडं बघणार आणि विचारणार, "बाबा, लिटरला किती देते आता?" मी म्हणतो, "नऊ." "नऊ? बाबा, सिरियसली? नऊ तर भरलेला टेम्पो देतो!"

देऊ दे की! टेम्पोत सगुणाची मृणाली जन्माला आली काय? तुम्हाला ठाऊक न्हाय ते. सगुणा म्हणजे आमची शेजारीण. तिला पेणला दवाखान्यात नेता नेता वाटेतच पोरगी झाली, माझ्या मागच्या सीटवर! आज ती मृणाली दहावीला हाय आणि येता-जाता गाडीला नमस्कार करते. म्हणजे... करत न्हाय, पण करायला पाहिजे का न्हाय? आणि मी तीस वर्षं दुसऱ्याचा ट्रक हाकला. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा देव, दुसऱ्याच्या बायकोनं बांधलेलं लिंबू-मिरची! ही पहिली चार चाकं माझ्या नावाची. कागदावर लिहिलंय, धर्माजी म्हणून. मला जीव हाय तिच्यावर, हाय तर हाय, लाजायचं काय त्यात? मी रितेशला तोंडावर सांगितलं, गाडी जायाची न्हाय, लिहून घे!

तर तो काय म्हणतो? "ठीक आहे. पुढच्या रविवारी टाकी फुल करायची, पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन करून यायचं, परत त्याच पंपावर टाकी फुल. पंधराचं ॲव्हरेज दिलं तर मी आयुष्यात शब्द काढणार नाही. चौदा पॉइंट नऊ आलं तरी सोमवारी भंगारवाला." मी म्हटलं, मंजूर! माझ्या तोंडाला आवर कुठं असतो? नऊ देणारी गाडी, सात दिवसांत पंधरा! पण चेहरा असा ठेवला की पंधरा म्हणजे काय, डाव्या हाताचा खेळ.

सोमवारी सकाळी गाडी नेली गणराजकडं. गणराज म्हणजे आमचा मेकॅनिक, माणूस चांगला, तोंड वाईट. त्यानं बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला, झटकला... अहो, भाताचा तूस निघाला! मी गाडी दुपारची भाताच्या गिरणीशेजारी लावतो ना, सावली असते. गणराज म्हणतो, "काका, एवढ्या तुसात कोंबड्या पाळा." मंग टायर दाबून बघितले. "हवा कधी भरली होती?" मी म्हटलं, गणपतीला. "कुठल्या?" मंग गाडी ढकलायला लावली, तर ती जागची हलेना. गणराजनं आत डोकं घातलं आणि बोंबलला, "काका! किती वर्षं हँडब्रेक ओढून गाडी चालवताय?"

आता त्याचं असं हाय. आमचं घर खाडीच्या बांधावर. दहा वर्षांमागं एकदा गाडी उभ्या उभ्या घरंगळली आणि गेली चिखलात, बैल लावून काढली. तवापासून मी हँडब्रेक कधी पूर्ण सोडत न्हाय. दोन दात ओढलेला ठेवतो, चालवताना पण. खाडीचा काय भरवसा? गणराज कपाळाला हात लावून म्हणतो, "काका, तुम्ही गाडी चालवत न्हाय, फरपटत नेताय!" नेतो! माझी गाडी, माझा हँडब्रेक! पण सोडला बाबा. पंधरासाठी तो पण सोडला. आणि जाताना त्यानं एक मंत्र दिला. "पायाखाली चिंबोरी हाय असं समजा. जोरात दाबली तर फुटंल, एकदम सोडली तर चावंल. ॲक्सिलरेटर तसा दाबायचा." तुम्हाला सांगतो, जन्म खाडीवर खेकडे धरण्यात गेला, पण चिंबोरीनं गाडी चालते हे त्या दिवशी कळलं.

मंग वजन कमी करायचं. डिकी उघडली. दोन स्टेपन्या, त्यातली एक पंक्चर. आमच्या मिठागराची शेवटची गोण, पन्नास किलो, दगड झालेली. ती पण उतरवली, उतरवताना डोळ्यात पाणी आलं, पाठीत चमक भरली म्हणून असंल. आणि गोणीमागं... मोठा टोप! मी टोप बाहेर काढला, आणि ओटीवरनं आमच्या ठमाबाई किंचाळल्या. "अवो! हा मनुबाईचा टोप!" झालं! चार वर्षांमागं लग्नाला आणलेला, परत दिला म्हणून आमची ही अडून बसलेली, मिळाला न्हाय म्हणून मनुबाई अडून बसलेली, दोघींची दारं समोरासमोर आणि चार वर्षं बोलणं बंद, आणि टोप माझ्या डिकीत! तुम्हाला वाटंल टोप मिळाला, बायको खूश झाली असंल. ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

पण आता ऐका. रविवार उजाडला. गाडी कशी? हलकी, फुलासारखी! टाकी फुल केली, आणि मनुबाई येऊन मागच्या सीटवर ठमाबाईंशेजारी बसल्या. "चार वर्षांनी बोलायला लागलोय, देवाला जाऊन येतो." बसा! माणसाला न्हाय कसं म्हणणार? मंग सगुणा आली. हातात नारळ. "काका, पालीला चाललाव ना? माझा पण नेवा." आमच्या गावची रीत हाय, गाडी देवाला निघाली की ज्याला जमत न्हाय त्यानं नारळ पाठवायचा आणि गाडीवाल्यानं न्यायचा. देवाच्या नारळाला नको म्हणायचं न्हाय. बापजन्मात कुणी म्हटलं न्हाय! सगुणाचा बघून दुसरीनं आणला, दुसरीचा बघून आख्खी आळी आली. किती झाले असतील? एकाहत्तर! मी मोजले, कारण रितेश प्रत्येकावर पेनानं नाव घालत होता, अदलाबदल नको म्हणून. पन्नास किलो मीठ उतरवलं आणि त्याच जागेवर चाळीस किलो देव चढला. रितेश गालात हसतोय! म्हणतो, "बाबा, आजच कॅन्सल करायचं का?" मी म्हटलं, चल बस! गाडी जायाची न्हाय, लिहून घे!

काय सांगू तुम्हाला ती वाट! पायाखाली चिंबोरी, काटा चाळीसवर, एसटी पुढं गेली, दुधाचा टेम्पो पुढं गेला, स्कूटरवरची एक म्हातारी पुढं गेली आणि वळून बघून गेली. मे महिना, एसी बंद. रितेश म्हणतो, "बाबा, एसी लावा." "पेट्रोल खातो!" "मग काच तरी उघडा." "वारा अडतो!" "अहो, चाळीसला कसला वारा अडतोय?" "माझ्या गाडीत माझं शास्त्र!" मागं ठमाबाई आणि मनुबाई पदरानं वारा घेत माझ्या खानदानाचा उद्धार करतायत, चार वर्षांचं बोलणं साचलेलं ना, सगळं माझ्यावर! नागोठण्याच्या पुढं चढ लागला, गाडी घुं घुं करायला लागली, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बाय गं, आज लाज राख. तुझं खरंच न्हाय कुणी माझ्याशिवाय, आणि माझं पण तसंच हाय.

पालीला एकाहत्तर नारळ फोडले. रितेशनं फोडले, हात सुजला त्याचा. पण मी एकेक मोजत होतो. का? पाणी सांडतंय ना! नारळामागं पेलाभर पाणी, एकाहत्तर पेले, म्हणजे येताना गाडी तेवढी हलकी! देवानं घेतलं ते पाणी न्हाय, माझं वजन घेतलं त्यानं.

परत आलो पंपावर. ब्याण्णव किलोमीटर. टाकी फुल करताना मी मीटरला नाक लावून उभा. काटा फिरतोय... तीन... चार... पाच... टक्! पाच लिटर आणि सहाशे मिली. रितेशनं मोबाईलवर भागाकार केला. परत केला. मंग मोबाईल पुसून परत केला. सोळा पॉइंट चार! सोळा! मी पंपावरच्या बाईच्या हातावर अर्धा नारळ ठेवला आणि पंपावर उभा राहून ओरडलो, गाडी जायाची न्हाय! प्रसाद वाटताना एकाहत्तर घरी सांगितलं. सोळा देते! बावीस वर्षांची हाय, सोळा देते! नवीन गाड्या झक मारतात!

तिथंच चुकलं हो.

रात्रीचं जेवण झालं आणि रितेश हळूच म्हणतो, "बाबा, माझी नवीन गाडी पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये अकराच देते. असं करू, ही मी घेऊन जातो. माझी इथं ठेवतो तुम्हाला." मी तोंड उघडलं तर ठमाबाई, आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या, "गावभर तुम्हीच सांगितलंत ना सोळा देते म्हणून? आता पोराला नको म्हणता?" गेली. सोमवारी सकाळी बांधावरनं वळली आणि गेली. माझ्या दारात आता त्याची ती पांढरी उभी हाय, बेल्ट लावला न्हाय तर टुंग टुंग करते, आणि तिच्यात नारळ ठेवायचे न्हाईत, सीटला डाग पडतो.

पण मी काय कच्चा हाय? परवा त्याचा फोन आला, "बाबा, ही तर दहाच देतेय हो." मी गालात हसलो. रक्त माझंच! उतारावर लावत असंल, हँडब्रेक दोन दात राहत असंल. मी ठरवलं, सांगायचं न्हाय! नऊवर आली की वैतागून आपोआप परत आणून देईल!

काल परत फोन आला. सतरा देतेय म्हणे. ठमाबाईनं सांगितलं त्याला, "बाळा, तुझ्या बापासारखं करू नको, हँडब्रेक पूर्ण खाली कर."

गाडी जायाची न्हाय, लिहून घ्या, असं मी म्हणत होतो ना मघापासून? घेतलंत लिहून?

...खोडा.